मांजराच्या पाण्याचा जमाखर्च



मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. शाळेत मुलांना ती वाक्यात उपयोग करण्यासाठीही देतात. परंतु तेच मांजर पाणी कसे पिते, कुठले पिते आणि किती पिते, याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. मागे महिला मंडळाची बैठक आटोपल्यावर एका भगिनीने विचारले, "भाऊ, आमच्या भाटीला स्वच्छ वाटीत पाणी देते, पण ती वाटीकडे बघतसुद्धा नाही. मोरीतल्या बादलीतच तोंड घालते. सासूबाई रागावतात, पोरं तिची बाजू घेतात. हिला ही खोड कशी लागली?"

प्रश्न घरगुती आहे, पण क्षुल्लक नाही. घरात बोका असेल तर या प्रश्नावर त्याचा जीवही अवलंबून असतो. म्हणून आजचा लेख मांजराच्या पाण्यावर.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ही खोड नव्हे, हा त्याच्या वंशाचा गुण आहे. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील कोरड्या मुलखातले रानमांजर हा आपल्या घरच्या मांजराचा पूर्वज. त्या मुलखात पाणवठे थोडे आणि दूर. रानमांजराचे बरेचसे पाणी त्याच्या शिकारीतूनच भागत असे, कारण उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. अशा प्राण्याचे मूत्रपिंडही काटकसरी असते. ते शरीरातले पाणी राखून ठेवते आणि घट्ट, तीव्र वासाची लघवी बाहेर टाकते. म्हणूनच मांजराच्या लघवीचा वास चार घरे जातो!

या काटकसरीची एक उणी बाजू आहे. मांजराला तहान उशिरा लागते. कुत्र्याच्या अंगातले पाणी कमी झाले की तो भांड्याकडे धाव घेतो आणि लगेच तूट भरून काढतो. मांजर तसे करत नाही. थोडी तूट सोसत ते गप्प पडून राहते. घरच्यांना वाटते, सारे ठीक आहे.

जमा किती, खर्च किती

मी कारकुनी पेशाचा माणूस. मला कोणतीही गोष्ट जमाखर्चात मांडली म्हणजे समजते. तेव्हा मांजराचीही खतावणी मांडून पाहू.

मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० मिलीलिटर पाणी लागते. म्हणजे ४ किलोच्या मांजराची गरज झाली २०० मिलीलिटर, चहाचे दोन मोठे कप. ही झाली खर्चाची बाजू. हे पाणी लघवीवाटे, विष्ठेवाटे, श्वासावाटे आणि अंग चाटताना लाळेवाटे जाते.

आता जमेची बाजू. त्या मांजराने दिवसभरात १५० ग्रॅम ताजी मासळी खाल्ली तर मासळीत सुमारे ७५ टक्के पाणी असल्यामुळे ११० मिलीलिटर पाणी पोटात गेले. उरले ९० मिलीलिटर, ते भांड्यातून प्यावे लागेल. आता दुसरे मांजर घ्या. हल्ली आपल्या वस्तीतल्या दुकानांतही मांजरांचे कोरडे दाणे पाकिटातून मिळतात. त्यात पाणी फार तर १० टक्के. अशा ५० ग्रॅम दाण्यांतून मिळाले फक्त ५ मिलीलिटर. बाकी १९५ मिलीलिटर भांड्यातूनच यायला हवे. दाणे खाणारी मांजरे भांड्यातले पाणी जास्त पितात हे खरे, परंतु तरीही त्यांचे एकूण पाणी ओले अन्न खाणाऱ्या मांजरांपेक्षा कमीच भरते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. म्हणजे खाते तुटीत चालते.

आपल्याकडे मांजराला सुका मासा घालण्याचीही पद्धत आहे. सुका मासा म्हणजे पाणी काढून घेतलेला मासा. खारवलेला असेल तर मिठाची भर वेगळीच. तो घालायचाच असेल तर धुऊन, भिजवून, ते खारट पाणी फेकून मग घालावा.

आणि दूध? दूध हा पाण्याला पर्याय नव्हे. पिल्लू मोठे झाले म्हणजे पुष्कळशा मांजरांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती कमी होते. मग जुलाब होतात आणि जमा होण्याऐवजी उलट पाणी खर्ची पडते. म्हणीतले मांजर दूध पिते, ते त्याला आवडते म्हणून. ते त्याला मानवतेच असे नाही.

तूट अंगावर येते तेव्हा

पाणी कमी पडले की लघवी अधिक घट्ट होते. त्यात खड्यासारखे कण आणि चिकट गाठी होण्याची शक्यता वाढते. भाटीचा लघवीचा मार्ग त्यामानाने रुंद असतो. बोक्याचा मात्र लांब आणि शेवटी अगदी अरुंद असतो. तिथे कण अडकला की लघवी तुंबते. यामागे केवळ पाण्याची कमतरता असते असे नाही. लठ्ठपणा, कोंडून राहणे, घरातला ताण ही कारणेही आहेत. तरीपण पाणी हे आपल्या हातातले कारण आहे.

आमच्या इमारतीत एका कुटुंबाचा पिवळा बोका होता. सातवीतली मुलगी त्याला स्वतःच्या ताटातला घास देई. एका उन्हाळ्यात तो वारंवार मोरीत जाऊन बसू लागला, कुंथू लागला, ओरडू लागला. घरच्यांनी समजूत करून घेतली की शौचाला होत नाही. शेजारच्या आजींनी एरंडेल सुचवले. ते दिले. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बोका उठला नाही. त्या माणसांचे प्रेम कमी नव्हते. बोका शौचासाठी नव्हे, लघवीसाठी कुंथतो आहे, एवढी एक माहिती त्यांना नव्हती.

म्हणून ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, पण थेंब-दोन थेंब होते किंवा काहीच होत नाही. ओरडतो. शेपटीखालची जागा सारखी चाटतो. खाणे सोडतो, ओकतो. अशा वेळी रात्र उलटू देऊ नये. लघवी तुंबली म्हणजे रक्तात विषारी द्रव्ये साठतात, पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. पशुवैद्य नळी घालून मार्ग मोकळा करतात आणि वेळेत नेल्यास बोका वाचतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने असतात. आपल्या भागातला दवाखाना कुठे आहे, तो केव्हा उघडा असतो, हे आजच विचारून ठेवावे.

घरी काय करू नये, तेही सांगतो. माणसाची तापाची वा दुखण्याची गोळी मांजराला कदापि देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच.

पाणी पिण्याची रीत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मांजर पाणी पिते कसे? आपल्याला वाटते, जिभेचा चमचा करून ते पाणी तोंडात टाकत असेल. कुत्रा जिभेची पळी करतो, म्हणून त्याच्या हनुवटीला आणि जमिनीला पाणी लागते. मांजर मात्र प्याल्यावर हनुवटीने कोरडे असते.

हे गूढ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उलगडले. रोमन स्टॉकर सकाळी न्याहारी करताना आपल्या मांजराकडे पाहत होते आणि त्यांना प्रश्न पडला. पेद्रो रेइस, संगह्वान जंग आणि जेफ्री अरिस्टॉफ या सहकाऱ्यांसह त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने त्या मांजराचे चित्रण केले. २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यांना असे दिसले की मांजर जिभेचे टोक मागे वळवते आणि टोकाची वरची बाजू पाण्याला नुसती टेकवते. जीभ पाण्यात बुडत नाही. मग ती झटक्याने वर ओढते. जिभेला चिकटलेले पाणी तिच्यामागोमाग बारीक खांबासारखे वर उठते. ते खाली कोसळण्याच्या आत मांजर जबडा मिटते आणि वरचा भाग तोंडात पकडते. आपणही हे करून पाहू शकतो. परातीत पाणी घेऊन तळवा पाण्यावर नुसता टेकवा आणि झटकन वर उचला. हाताबरोबर पाणी किंचित वर ओढले जाईल.

घरचे मांजर असे सेकंदाला सुमारे ४ वेळा करते आणि दर खेपेला साधारण ०.१ मिलीलिटर पाणी मिळवते. वाघ-सिंहांची जीभ मोठी, म्हणून ते याच रीतीने पण सावकाश पितात.

पुन्हा हिशेब करू. मासळी खाणाऱ्या मांजराला ९० मिलीलिटर पाण्यासाठी ९०० वेळा जीभ चालवावी लागते, म्हणजे सुमारे पावणेचार मिनिटे. दाणे खाणाऱ्याला १९५ मिलीलिटरसाठी १९५० वेळा, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. एवढा वेळ त्याला डोके खाली घालून, मान पुढे करून बसावे लागते. शत्रूला पाठमोरे होऊन निश्चिंत बसणे लहान प्राण्याला परवडत नाही. पाय लागेल, भांडे आदळेल, कुत्रा येईल, अशा जागी ठेवलेले पाणी ते अर्धवट सोडून जाते. दाराच्या वाटेत किंवा शेगडीजवळ ठेवलेली वाटी तशीच भरलेली राहते, याचे एक कारण हे असू शकते.

आवडीनिवडी

मग बादलीत असे काय असते, जे वाटीत नसते? बादलीचे पाणी नुकतेच भरलेले असते. पात्र रुंद असते, पाणी काठोकाठ असते. मोरीत दुपारी शांतताही असते. वाटीतले पाणी मात्र पुष्कळदा कालचे, खरकट्या ताटलीशेजारचे आणि तळाला गेलेले असते. मांजराला अगदी नाकासमोरचे नीट दिसत नाही. स्थिर, नितळ पाण्याची पातळी त्याला चटकन उमगत नसावी. काही मांजरे आधी पंजा बुडवून पाहतात, त्याचा हा अर्थ असू शकतो. वाहत्या धारेचा आवाज येतो, चकाकी दिसते, म्हणून नळाखाली तोंड लावणारीही मांजरे आहेत.

याचाच फायदा घेऊन हल्ली मांजरांसाठी विजेवर चालणारी कारंजी विकतात. ती घेतलीच पाहिजेत का? भांड्यातले स्थिर पाणी आणि वाहते पाणी यांची तुलना करणारे छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांतून सर्वच मांजरांना वाहते पाणी अधिक आवडते असे सिद्ध झाले नाही. काहींनी वाहते पसंत केले, काहींनी साधे भांडे. लहान भांड्याच्या काठाला मिशा लागून मांजराला त्रास होतो, असेही सांगितले जाते. तेही ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून जाहिरात पाहून खिसा रिकामा करू नये.

खरी गोष्ट अशी की प्रत्येक मांजराची आवड निराळी. ती त्याच्याकडूनच समजून घ्यावी लागते. यासाठी घरातल्या मुलामुलींना एक काम देता येईल. तीन पात्रे घ्या: एक स्टीलची वाटी, एक चिनी मातीची खोलगट बशी, एक रुंद मातीचे किंवा जर्मनचे भांडे. प्लास्टिकला वास राहतो आणि चरे पडतात, म्हणून ते शक्यतो टाळावे. तिन्हींत औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या झाकणाने मोजून सारखेच पाणी घाला. चौथ्या भांड्यात तेवढेच पाणी घालून त्यावर चाळणी उपडी ठेवा, म्हणजे उन्हाळ्याने किती पाणी उडून गेले ते कळेल. दुसऱ्या दिवशी उरलेले पाणी मोजा आणि वहीत लिहा. एका आठवड्यात भांडी ठरतील. दुसऱ्या आठवड्यात आवडते भांडे तेच ठेवून फक्त जागा बदला. तिसऱ्या आठवड्यात ताजे पाणी आणि रात्रभर ठेवून औषधाचा वास गेलेले पाणी यांची तुलना करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळा. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात? ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतला फरक मुलांना यातून पुस्तकाशिवाय कळेल.

तोवर काही साध्या गोष्टी आजपासून करता येतील. पाणी एकाऐवजी दोन-तीन जागी ठेवा. ते खाण्याच्या ताटलीपासून आणि शौचाच्या जागेपासून दूर असावे. भांडे काठापर्यंत भरा. रोज सकाळी ते रिकामे करून, घासून पुन्हा भरा. रोज रिकामे केल्यास डेंगीच्या डासाची अंडी वाढून डास होण्यास वेळच मिळत नाही. भातात मासळी कालवताना मासे उकडलेले पाणी चार चमचे वरून घाला. त्यात मीठ, तिखट नको. कांदा-लसूण तर मुळीच नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

आपले पिण्याचे पिंप, हंडा, माठ मात्र झाकूनच ठेवावेत. मांजराचे तोंड लागलेले पाणी माणसाने पिऊ नये. सासूबाईंचे यात काही चुकत नाही. मांजराला त्याच्या पसंतीचे पात्र मिळाले तर बादलीवरचे भांडणही मिटेल.

मोरीतले विष

बादलीपेक्षाही मोरीच्या फरशीवर साचलेले पाणी अधिक धोक्याचे. फिनेल काळे असो वा पांढरे, मांजराला ते विषासमान आहे. वर सांगितलेली यकृताची उणीव इथेही आड येते. फिनेलवर चाललेले मांजर पुढे पंजे चाटते, तेव्हा न पिताही ते विष पोटात जाते. मोरी फिनेलने धुतली तर भरपूर पाणी ओतून फरशी कोरडी होईपर्यंत दार लावून घ्यावे. कपडे भिजवलेली साबणाच्या पावडरीची बादली झाकून ठेवावी.

माणसालाच पाणी नाही, तर…

कोणी म्हणतील, आमच्या वस्तीत नळ दिवसातून तासभर येतो, रांगेत भांडणे होतात, तिथे मांजराचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब पाहा. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी वाया घालवते. तेवढ्यात ४ किलोच्या मांजराची जवळजवळ तीन आठवड्यांची तहान भागते. तोटीचा वायसर बदलला तर मांजराचे पाणी कोणाच्याही वाट्यातून काढावे लागणार नाही. आणि महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, पण आपल्या माणसांना पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, हे आपण विसरलेलो नाही. तहान नाकारली जाणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या घरात कोणताही जीव तहानलेला राहू नये.

शेवटी दोन सूचना. वयस्क मांजर अचानक नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पाणी पिऊ लागले तर "बरे झाले, पाणी पिते" असे म्हणून गप्प बसू नका. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. वहीतल्या नोंदी अशा वेळी पशुवैद्यांना फार उपयोगी पडतात. आणि मांजराला पाणी गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, ते विनाकारण अंगावर येत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना दूर ठेवा. ते चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्या.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी दोन निरनिराळ्या भांड्यांत पाणी भरून दोन कोपऱ्यांत ठेवावे. सकाळी कोणते कमी झाले ते पाहावे आणि मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. महिनाभराच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. कोणाच्या मांजराने काय पसंत केले, ते या सदरातून सर्वांसमोर मांडू.